शिवेवरची हाक

मतदान घरी आलं त्या सकाळी आईनं स्वतःच्या नावाला ओ दिली नाही.

पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांसाठी हल्ली मतपत्रिकाच घरी येते. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये चौघं आली. सोबत पुठ्ठ्याचा आडोसा, पेटी, शाईची बाटली आणि चित्रीकरणाचा कॅमेरा. मी जेवणाचं टेबल आवरून ठेवलं होतं. दिवसभर आईजवळ असते ती हर्षाली; तिनं आईला इस्त्रीचं पातळ नेसवून, वेणी घालून खुर्चीत बसवलं होतं. लग्नाला निघाल्यासारखा सगळा थाट.

"आजी, तुमचं नाव सांगा बरं," अधिकारी बाई म्हणाल्या.

आई गॅलरीच्या पडद्याकडे बघत होती.

"चंद्रभागाबाई ना तुम्ही?"

काही नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, त्या नाव विचारतायत." तिनं मानही वळवली नाही. ऐकू येत नाही म्हणावं, तर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तेव्हा चांगली दचकली.

"राहू द्या," बाई समजुतीनं म्हणाल्या. "आम्ही गुरुवारी अजून एकदा येणार आहोत. कधी कधी दुसऱ्या खेपेला बोलतात." शाईची बाटली पिशवीत गेली, पेटी गेली. केलेला चहा तसाच राहिला.

माझ्या आईनं उभ्या आयुष्यात एक मत चुकवलं नव्हतं. बाबांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी ती मतदानाला निघाली, तेव्हा पंचवटीतल्या आमच्या गल्लीनं तोंडात बोटं घातली होती. पण त्या सकाळी मला दुःख झालं ते मताचं नव्हे. दिवाळीपासून ती मलाही ओ देत नव्हती. आई म्हटलं तरी नाही, चंद्रभागाबाई म्हटलं तरी नाही. भरवलं की खायची, न्हाऊ घातलं की न्हायची, आणि बाकी वेळ गॅलरीत बसून कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी बाहेर बघायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि शेवटी वयाकडे बोट दाखवलं. वयाकडे मलाही दाखवता येतं, त्याला शिकावं कशाला लागतं?

मला राग यायचा. रडूही यायचं, पण आधी राग. जगातल्या सगळ्या बायकांना बोलतं करणारी मी, आणि माझ्या घरातली बाई माझ्याकडे बघतही नव्हती.

बोलतं करणं हा माझा धंदाच आहे. मी इतिहास शिकवते आणि बायकांच्या मताधिकारावर गेली काही वर्षं एक पुस्तक लिहिते आहे. पहिला भाग नीट लागला होता. मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या बायका, त्यांच्या सभा, त्यांचे अर्ज, मालमत्ता असेल तरच मत देऊ म्हणणारं सरकार. त्यांची कागदपत्रं आहेत, फोटो आहेत. अडलं होतं ते दुसऱ्या भागापाशी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या झाल्या तेव्हा देशभरात कितीतरी बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. तशी लाखो नावं मग गाळली गेली. मला त्या गाळलेल्या बायका हव्या होत्या. हयात असतील तर त्यांच्या तोंडून, नसतील तर त्यांच्या सुनांच्या.

भूतखेत, अंगात येणं, स्वप्नात दिसणं असलं काही कुणी सांगू लागलं की मी ते ऐकून घेते आणि बाजूला ठेवते. दोन वेगळ्या माणसांनी सांगितल्याशिवाय माझ्या पुस्तकात तळटीपसुद्धा जात नाही. विद्यार्थी यावरून माझी नक्कल करतात, ते मला माहीत आहे.

नवसाबाईंची मुलाखत आधीच ठरलेली होती, म्हणून सोमवारी मी निमओहळला गेले. हे माझ्या आईचं माहेर. ओझरच्या पुढे महामार्ग सोडायचा, पिंपळगावकडे जाणारे कांद्याचे टेम्पो उजवीकडे ठेवायचे आणि द्राक्षबागांमधल्या रस्त्यानं आत शिरायचं. लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा इथं भाजी आणि झेंडूच असायचा. आता मामा नाहीत, मामांची जमीनही दुसऱ्याकडे आहे. नवसाबाई गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. याच गावची लेक आणि ओहळापलीकडच्या वस्तीवरची सून. डोळ्यांना दिसत नव्हतं, बाकी सगळं शाबूत.

त्यांची नातसून सुवर्णा हिनं ओसरीवर खुर्ची टाकली. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि माझा नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. हा प्रश्न विचारला की म्हाताऱ्या बायका हमखास खुलतात, लाजतात, हसतात.

"आजी, तुमचं माहेरचं नाव काय?"

नवसाबाई हसल्या नाहीत. "ते नसतं सांगायचं," त्या म्हणाल्या. "तू अक्काची पोर ना? तुला ठावं नाय? आमच्यात नाव शिवेवर ऱ्हातं."

मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहितात, ते सगळीकडेच. जुन्या नावाचं काय करायचं याची रीत मात्र मी फक्त निमओहळमध्ये ऐकली. लेक सासरी निघाली की वऱ्हाड शिवेवरच्या लिंबाखाली थांबतं. मुलीनं एकटीनं पुढे चालायचं. मागून तिची आई तिला माहेरच्या नावानं एकदाच हाक मारते. मुलीनं ओ द्यायची नाही आणि मागं बघायचं नाही. तिनं ओहळ ओलांडला की ते नाव संपलं. त्यानंतर माहेरीही ते कुणी घेत नाही. तिला अक्का म्हणतात, नाहीतर बाय.

मामा आईला अक्काच म्हणायचे. आईला तिचं माहेरचं नाव मी कधीकाळी विचारलं होतं, तेव्हा "कोण आठवतंय एवढं मागचं," म्हणून ती हसली होती आणि भाजी निवडू लागली होती.

"मग मताचं आलं," नवसाबाई म्हणाल्या. "गड्यांनी आमची नावं लिवून दिली व्हती. गोटीरामची बायको, गेणूची आई, अशी. ती सरकारनं खोडली. मंग कारकून आला. म्हने, ज्या बाईला मत पाह्यजे तिनं सोता येऊन नाव सांगायचं. शिवेवरच्या शाळेत बसला. पल्याडच्या वस्तीवर दिलेल्या आम्ही समद्या निमओहळच्या लेकी. लिंबाखाली बसून ऱ्हायलो. नाव कोन सांगतंय? सासरचं तोंडात बसलं नव्हतं, माह्यारचं घ्यायचं नव्हतं."

"मग?"

"दुपार झाली. मंग शाळेतून हाका आल्या."

"कारकुनानं मारल्या?"

"कारकून भाईर व्हता. आमच्याम्होरं बसून पान खात व्हता."

मी विचारलं, "मग हाका कुणी मारल्या?"

"जिची तिची आई असती, नाय का," नवसाबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "येकेकीला नावानं. माह्यारच्या. येकेक उठली, ओ म्हनली न आत गेली. कारकून पान थुंकून पळाला मागं. त्येनं लिवून घेतली समद्यांची नावं. मतं दिली त्यांनी. लय हरखल्या व्हत्या."

"आणि तुम्ही?"

"मी पदर कानाशी धरून बसले."

ओसरीच्या पुढे बागेत ट्रॅक्टरचा फवारा चालू होता. औषधाचा उग्र वास आला आणि गेला. ज्या आत गेल्या त्यांचं पुढे काय झालं, असं मी विचारलं.

"काय व्हायचं? घरी आल्या, पानी भरलं, भाकरी थापल्या. फकस्त सासरच्या नावाला ओ देईनात. न त्यांची पोरं त्यांच्याजवळ झोपंनात."

सुवर्णा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, पुरं आता. बाईंना काय वाटंल!" बाईंना काही वाटलं नव्हतं. लोकांना आठवणी गोष्टीत गुंडाळायची सवय असते, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. हाका हे भीतीचं रूप आहे, नाव घेणं हे बंड आहे, वगैरे. घरी येताना मी असं एक छान वाक्य मनात तयारही केलं. साक्षीदार एकच असल्यामुळे बाजूला ठेवायचं ठरवलं, तरी वाक्य चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा हर्षाली दारातच उभी होती.

"मॅडम, एक सांगू? रागवू नका. आजी बोलतात."

"काय बोलतात?"

"ओ म्हणतात. दुपारच्याला. मी आधी म्हटलं, काहीतरी हवं म्हणून मलाच बोलावतायत. पण तसं नाही. कुणी हाक मारल्यावर आपण देतो ना, तशी ओ देतात." ती सातपूरची, दिवसरात्र कारखान्यांच्या भोंग्यांत वाढलेली, घाबरणारी मुलगी नव्हे. पण हे सांगताना तिनं दाराची कडी घट्ट धरली होती.

बुधवारी मी रजा टाकली आणि सकाळपासून आईसमोर बसले. नोव्हेंबरातलं ऊन गॅलरीत उतरलं, तिच्या पायांवर आलं, मांडीवर आलं. खाली प्रचाराची रिक्षा घोषणा देत गेली. मग रस्ता बराच वेळ शांत होता. कबुतरंही नव्हती.

"ओ," आई म्हणाली.

मी काहीही ऐकलं नव्हतं. तिचा चेहरा मात्र हाक ऐकलेल्या माणसाचा होता. किंचित वर उचललेली हनुवटी, डोळ्यांत थोडा कंटाळा, थोडं लाडिक. थांब ना, आले ना, असा. माझ्या जन्मात मी तिचा तो चेहरा पाहिला नव्हता. मी तिच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले, आई आई म्हणून हाका मारल्या, खांदे हलवले. ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिली.

मला मत्सर वाटला. दुसरा शब्द नाही. तिला कुणीतरी हाक मारत होतं आणि ती त्याला ओ देत होती, मला नाही. ते कोण आहे, आहे की नाही, हा प्रश्न त्या घटकेला माझ्या डोक्यातही आला नाही. मत जाऊ दे, पुस्तक जाऊ दे, तिनं एकदा माझ्याकडे वळून मला ओ द्यावी, एवढंच मला हवं होतं. आणि ती कुठल्या नावाला ओ देत होती ते मला कळलं होतं. फक्त नाव माहीत नव्हतं.

हर्षालीला थांबायला सांगून मी गाडी काढली.

नवसाबाई परवाच्याच जागी बसल्या होत्या, जणू उठल्याच नव्हत्या. मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक झाला, तो मलाच ओळखू येईना.

"तुम्ही तिला लहानपणी पाहिलंय. तुम्हाला नाव माहीत आहे," मी म्हटलं.

"कडंवर घेतलेलं हे तिला मी."

"मग सांगा."

"म्या घेतलं तं ती माझ्याकडं यील. तुला पाह्यजे तं तूच आन." त्यांनी हात पुढे करून माझं मनगट चाचपलं. "उन्हं हायेत तवर जा. शाळंच्या पायरीवर बस. आपलं तेवढं ऐक, दुसरीचं घेऊ नको. घरी जाईस्तवर तोंड उघडायचं नाय. न मागून कुनी हाक मारली तं ओ द्यायची नाय, वळून बघायचं नाय. आपल्या आया तशाच तं आल्या."

"मी ते नाव घेतलं, तर ती ओ देईल?"

"ओ तं देईल," नवसाबाई म्हणाल्या. आणि माझं मनगट सोडलं.

शाळा आता शाळा नाही. नवी इमारत रस्त्याला बांधली आहे. ही एका खोलीची, कौलारू. शेतकऱ्यांनी तिच्यात द्राक्षांचे क्रेट आणि ठिबकच्या जुन्या नळ्या भरून ठेवल्या आहेत. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. समोर लिंब, पलीकडे ओहळ, आणि ओहळाच्या काठानं कुणाची तरी झेंडूची पट्टी, तोडणी राहिलेली. इतकी फुलं होती की त्यांचा पिवळा उजेड भिंतीवर पडला होता. मी पायरीवर बसले. दगड कोमट होता. इतिहासाच्या प्राध्यापिकेनं हे असं बसावं याचं मला हसू आलं, आणि हसू आल्यामुळे जरा धीरही आला.

मधमाश्यांचा आवाज होता. तोच आधी होता, एवढं नक्की. लिंबाची सावली हलत नव्हती. माझे डोळे जड झाले, पण मी झोपले नाही. समोरच्या फुलांवरून माझी नजर हलली नव्हती. मधमाश्यांच्या त्या आवाजात मग चढउतार ऐकू यायला लागले. दिवेलागणीला आया पोरींना हाका मारतात तसे. लांबवलेले, शेवटी वर नेलेले. लांबून, पण माझ्या पाठीमागून. खोलीतून.

प्रत्येक नाव वेगळ्या आवाजात येत होतं. एक आवाज चिडका, एक दमलेला, एक खोकत खोकत. आणि प्रत्येक हाकेनंतर, थोडं थांबून, एका लहान मुलीची ओ.

मी दाराकडे पाहिलं. कडी तशीच होती. पायरीच्या फरशीवर मात्र ओल्या पावलांचे ठसे होते. लहान पावलं, ओहळाकडून आलेली, दाराच्या दिशेनं गेलेली. बाहेर आलेलं एकही नव्हतं. मी बघत असताना ती एकेक करून वाळत गेली आणि फरशी पुन्हा कोरडी झाली.

मला भीती वाटली नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगते. दुपारी जेवून आडवं झाल्यावर शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू यावं, तसं वाटत होतं. सुरक्षित. तिथंच बसून राहावंसं.

मग एक जाड, प्रेमळ आवाज आला. आईच्या आईला मी कधी पाहिलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली. तिनं एक नाव घेतलं. आणि नंतर ती ओ. किंचित वर उचललेली, थोडी कंटाळलेली, थोडी लाडिक. मी ती आजच घरी ऐकली होती.

मी उठले.

नाव छोटं होतं, सुंदर होतं. जिभेवर ठेवलं की गोड लागेल असं. मी ते मनात घोळवत चालू लागले. गाडी ओहळापलीकडे उभी होती. लिंबाखालून जाताना मागून माझ्याच नावाची हाक आली.

"ज्योत्स्ना!"

पण मी थांबले नाही. मी मनात म्हटलं, मला फसवता काय? मला रीत माहीत आहे. आवाज घोगरा होता, धाप लागलेल्या माणसाचा. "ज्योत्स्ना! अगं, ज्योत्स्ना!" मी ओठ घट्ट मिटले आणि ते छोटं नाव आणखी जोरात मनात म्हणत राहिले, म्हणजे दुसरं काही ऐकू येणार नाही. ओहळात पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे पोचले तरी हाका चालूच होत्या. गाडीचं दार लावलं तेव्हा बंद झाल्या. मला स्वतःचं कौतुक वाटलं, तेही सांगायला हवं.

महामार्गावर एका ठिकाणी टेम्पोंची रांग लागली होती. विसरायला नको म्हणून मी फोनवर ते नाव टाईप केलं. खाली पाहिलं तर चंद्रभागा असं लिहिलं होतं. खोडून पुन्हा लिहिलं. पुन्हा चंद्रभागा. मग मी फोन शेजारच्या सीटवर टाकला आणि ओंजळीत पाणी न्यावं तसं ते नाव घरापर्यंत आणलं.

आई गॅलरीतच होती. ऊन तिच्या मांडीवरून उतरून कठड्यावर गेलं होतं. हर्षाली दोरीवरचे कपडे काढत होती. ती काहीतरी विचारू लागली, मी हातानं थांबवलं. आईच्या खुर्चीपाशी वाकले आणि तिला हाक मारली.

आई वळली. सरळ माझ्याकडे.

"ओ," ती म्हणाली.

मी तिचे दोन्ही हात धरले आणि रडले. लाज सोडून, मोठ्यानं. हर्षालीही हातात कपडे घेऊन हसत होती आणि डोळे पुसत होती. "आजी बोलल्या! मॅडम, आजी बोलल्या!" ते नाव माझ्या तोंडातून निघालं तसं मला आठवेनासं झालं होतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. त्याचं काम झालं होतं.

आई सगळीकडे बघत होती. कठडा, दोरी, समोरच्या इमारतीच्या खिडक्या. डोळे स्वच्छ, चमकदार.

"शाळा सुटली?" तिनं विचारलं.

आम्ही दोघी हसलो. "सुटली," मी म्हटलं.

हर्षालीनं आणलेलं पाणी ती घटाघटा प्यायली आणि तोंड मनगटानं पुसलं. मग तिनं पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घातली. गुडघ्यांमुळे तिला कित्येक वर्षं मांडी घालता येत नव्हती.

"उद्या ते मताचे लोक येणार आहेत. नाव विचारतील. सांगशील ना?" मी म्हटलं.

"सांगीन की. त्यात काय?"

कुठलं, ते मी विचारलं नाही.

तिनं आपले हात माझ्या हातांतून सोडवून घेतले. हळूच, पाहुण्यांशी वागावं तसं. आणि माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

"तुम्ही का रडताय, मावशी?"

हर्षालीचं हसू थांबलं.

"मावशी काय गं," मी म्हटलं. "मी ज्योत्स्ना."

"तुम्हीच का ज्योत्स्ना?" तिचा चेहरा उजळला, शोधत असलेलं माणूस सापडल्यासारखा. "मंग जा ना लवकर. शाळंच्या पायरीवर एक म्हातारी बसलीय. कवाची तुमच्या नावानं हाका मारतीय. कुनीच ओ देत नाय बिचारीला."

माझा हात तिच्या खुर्चीच्या दांडीवर होता.

"तिला चालता येत नाय," ती म्हणाली आणि गॅलरीबाहेर, उतरत्या उन्हाकडे बघू लागली. "आता अंधार पडंल तिथं."